घरच्यांसाठी जुनी मासेमारी नाव घेताना

गेल्या उन्हाळ्यात गोसीखुर्द जलाशयाच्या काठी मी फायबरच्या दोन वापरलेल्या नावा पाहिल्या. दोन्ही १५ फूट लांब, किंमत जवळजवळ सारखीच आणि दोन्हींचा रंगही निळाच, त्यामुळे नुसत्या नजरेने निवड करणे शक्य नव्हते. अशा वेळी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: मासेमारीची नाव जाळे ओढण्याच्या सोयीने बांधलेली असते, म्हणून तिचा काठ ठेंगणा ठेवतात, आणि जो काठ ढिवरबांधवांच्या कामाचा, तोच लेकरे बरोबर असताना धोक्याचा ठरतो. म्हणून आधी काठाची उंची मोजावी, लांबी नंतर.

हे माप पाण्यातच घ्यावे लागते. सकाळी वारा पडलेला असताना दोन्ही नावा कमरेइतक्या पाण्यात आणून, घरातील सर्वांच्या वजनाएवढी रेतीची पोती त्यांत ठेवावीत आणि काठ जेथे सर्वांत खाली आहे तेथून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. मग दोन माणसांइतकी पोती एकाच बाजूला सरकवून पुन्हा मोजावे, कारण पाणकावळा दिसला की मुले एकाच बाजूला झेपावणारच. मी पाहिलेल्या एका नावेचा काठ असा झुकल्यावरही पाण्यापासून वीतभर वर राहिला, दुसरीचा जेमतेम चार बोटे. जमिनीवर हा फरक मुळीच जाणवला नव्हता.

तळ तपासण्यासाठी नाव रेतीवर उलटी करून घ्यावी. आपण माठ घेताना टिचकी मारतो, तसे पाच रुपयांच्या नाण्याने वीत-वीत अंतरावर ठोकत जावे. खणखणीत आवाज मध्येच बद्द झाला, तर तेथे फायबरचे थर सुटलेले किंवा आत पाणी मुरलेले असण्याचा संभव असतो. उलटवताना दोन नावांपैकी एक स्पष्टपणे जड लागली, तरीही हाच संशय घ्यावा. काठावरून आणि आतून कापसाचा बोळा फिरवावा. जेथे कापसाचे तंतू अडकतात तेथे फायबर उघडे पडलेले असते, आणि मुलांचे हात नेमके तेथेच लागतात. मासळीच्या वासावरून मात्र नाव नाकारू नये, तो धुऊन आणि उन्हात ठेवून कमी होतो.

इंजिन लावायचे असल्यास मागची फळी दोन्ही हातांनी जोर लावून हलवून पाहावी. कोपऱ्यांत बारीक तडे दिसले, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करायला सांगावे. बाकांखालच्या बंद पेट्याही पाहाव्यात, कारण नाव पाण्याने भरली तरी तिला तरंगत ठेवण्याचे काम याच पेट्या करतात. एखादी फुटलेली असेल, तर ती बुजवेपर्यंत नावेत मुले बसवू नयेत.

अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार यंत्रावर चालणाऱ्या नावेची नोंदणी करावी लागते, म्हणून विक्रेत्याकडे कागद मागावेत आणि विक्रीची लेखी पावती घ्यावी. ज्या तलावात नाव उतरवायची, तेथील मत्स्य सहकारी संस्थेशी आणि पाटबंधारे विभागाशी आधीच बोलावे.

मी उंच काठाची नाव घेतली. तिचा रंग अधिक उडालेला निघाला, त्यामुळे किंमत थोडी उतरली आणि वाचलेल्या पैशांत घरातील पाचही जणांना ज्याच्या त्याच्या मापाची लाइफ जॅकेट आली.