सीमेवरच्या गावाचा इतिहास कसा लिहावा

नांदेड जिल्ह्यातील देगलूर किंवा धर्माबादसारख्या, तेलंगणच्या सीमेवरच्या गावाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने आधी लक्झेंबर्गमधील शेंगेन हे मोझेल नदीकाठचे, द्राक्षमळ्यांचे छोटेसे गाव अभ्यासावे. जर्मनी, फ्रान्स आणि लक्झेंबर्ग यांच्या सीमा जिथे मिळतात, तिथे नदीतल्या जहाजावर १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी सीमेवरील तपासणी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार केला. तो प्रत्यक्षात आला मात्र २६ मार्च १९९५ रोजी. म्हणून निर्णयाची आणि अंमलाची तारीख नेहमी वेगळी नोंदवावी. आपल्याकडेही हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले, पण मराठवाडा आणि तेलंगण वेगवेगळ्या राज्यांत गेले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी.

तहसील कार्यालयात १९५४ चे खासरा पत्रक, म्हणजे गावातील जमिनी आणि त्यांच्या धारकांची नोंद, मागावे. निजामकाळातील कागद बहुधा उर्दूत असतात, तेव्हा ते वाचणारा जाणकार सोबत न्यावा.

माझ्या मते खरा ऐवज मात्र घराघरांत आहे. ओसरीवर बसलेल्या आजींना ‘तुमचं माहेर कुठलं?’ असे आदराने विचारावे, त्यांच्या बोलण्यात येणारे तेलुगू शब्द जसेच्या तसे उतरवावेत आणि ते माहेर आज कोणत्या राज्यात आहे, हे त्याच ओळीत लिहावे.