अ‍ॅक्वापोनिक्स बिघडतं कुठे? या चुका टाळा, आणि मासे मोजण्याआधी खाद्य मोजा

परसातलं अ‍ॅक्वापोनिक्स बिघडलं की धावपळ सुरू होते. अशा यंत्रणेत माशांच्या टाकीतलं पाणी खडी भरलेल्या वाफ्यात फिरतं, तिथली झाडं त्यावर वाढतात आणि पाणी परत टाकीत येतं. पानं पिवळी पडली म्हणून काहीतरी ओतलं जातं, मासे सुस्तावले म्हणून औषधाचा शोध सुरू होतो, पाणी गढूळ झालं म्हणून अख्खी टाकी उपसली जाते. पण या यंत्रणेत बाहेरून रोज मुद्दाम टाकली जाणारी गोष्ट एकच, ती म्हणजे माशांचं खाद्य. अमोनिया त्यातूनच येतो, झाडांचं बहुतेक पोषण त्यातूनच, तळाचा गाळ त्यातूनच. पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) हळूहळू उतरतो तोसुद्धा त्याच्याच पायी. म्हणून काहीही बिनसलं की आधी हे विचारा: रोज किती ग्रॅम खाद्य पडतंय, आणि तेवढं पचवायची ताकद आज वाफ्यात आहे का?

मासे आणायची घाई

सगळ्यात जास्त मासे मरतात ते पहिल्या महिन्यात. टाकी भरली, पंप लावला, दोन दिवसांनी बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) आणून सोडली, की आठवड्याच्या आत मासे तळाशी आडवे. रोग वगैरे काही नसतो. माशांच्या कल्ल्यांमधून पाण्यात सतत अमोनिया सुटतो. एक गट जिवाणू त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट त्या नायट्राइटचं नायट्रेट करतो, आणि नायट्रेट झाडांच्या कामी येतं. हे जिवाणू खडीवर, पाइपांच्या आतल्या बाजूला, टाकीच्या भिंतींवर थर धरून राहतात आणि फार सावकाश वाढतात. पाणी २५ ते ३० अंश असेल तर साधारण चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहूनही जास्त. चालू असलेल्या एखाद्या निरोगी यंत्रणेतली मूठभर ओली खडी मिळाली तर काम बरंच लवकर होतं.

चांगला मार्ग म्हणजे मासे न सोडता सुरुवात करणं. साबण किंवा सुगंध न मिसळलेला शुद्ध अमोनिया थोडा थोडा घालत लिटरला २ ते ३ मिलिग्रॅमपर्यंत न्यायचा आणि एक दिवसाआड चाचणी घ्यायची. आधी अमोनिया वर जातो, मग तो उतरत असताना नायट्राइट चढतं, शेवटी नायट्रेट दिसू लागतं. घातलेला अमोनिया २४ तासांत शून्यावर येतोय आणि नायट्राइटही शून्य आहे, हे दिसलं की मासे आणा. त्याआधी नाही.

याच टप्प्यात नळाचं पाणी घात करतं. क्लोरीन जिवाणूंनाही मारतो आणि कल्लेही जाळतो. साधा क्लोरीन असेल तर एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) चालू ठेवून एक-दोन दिवसांत उडून जातो. काही ठिकाणी मात्र पाण्यात क्लोरामाइन वापरतात, ते असं उडत नाही. त्यासाठी सोडियम थायोसल्फेट किंवा 'क' जीवनसत्त्व म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड घालावं लागतं. कुठलं वापरतात हे पाणीपुरवठ्याकडे आधीच विचारून घ्या. फिल्टर धुतानाही नळाखाली धरू नका, टाकीतल्याच पाण्यात खळबळून काढा.

'एवढ्या टाकीत मासे किती?' हा प्रश्नच चुकीचा

समजा १० ग्रॅमची ४० बोटुकली सोडली. एकूण वजन ४०० ग्रॅम, दिवसाला वजनाच्या पाच टक्के म्हणजे २० ग्रॅम खाद्य. छोटा वाफा हे आरामात पेलतो, झाडंही जोमात असतात, सगळं छान चाललंय असं वाटतं. काही महिन्यांनी तेच मासे ३०० ग्रॅमचे होतात. आता एकूण १२ किलो मासे, आणि दीड टक्क्याने धरलं तरी रोजचं १८० ग्रॅम खाद्य. टाकी तीच, वाफा तोच, मासेही तेवढेच, पण भार नऊपट. आणि मग 'अचानक काय झालं कळत नाही' अशी तक्रार येते. अचानक काहीच झालेलं नसतं.

पालेभाज्यांसाठी दर चौरस मीटर वाफ्याला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्य, टोमॅटो-मिरचीसारख्या फळभाज्यांना ५० ते ८० ग्रॅम, हे प्रमाण धरून चला. म्हणजे वरच्या १८० ग्रॅमसाठी पालेभाज्यांचा जवळपास चार चौरस मीटर वाफा हवा. नसेल तर काही मासे काढा किंवा वाफा वाढवा. घरगुती यंत्रणेत १००० लिटरला १० ते २० किलोच्या वर मासे नकोत, आणि नवशिक्याने त्यातल्या खालच्या आकड्यालाच राहावं असं माझं मत. व्यावसायिक टाक्यांमध्ये याच्या कितीतरी पट मासे दिसतात, पण तिथे शुद्ध ऑक्सिजन असतो आणि रात्रपाळीचा माणूस असतो.

जास्त खाद्याचा फटका आकड्यांत सांगायचा तर, ३२ टक्के प्रथिनं असलेल्या १०० ग्रॅम खाद्यातून साधारण ३ ग्रॅम अमोनिया-नत्र (अमोनियाच्या रूपातलं नत्र, म्हणजे नायट्रोजन) तयार होतं. १००० लिटरच्या टाकीत हे दिवसाला लिटरमागे ३ मिलिग्रॅम झालं. जिवाणू नसतील तर दोन दिवसांत मासे संकटात. म्हणून खाद्य डोळ्यांनी नाही, काट्यावर मोजून घ्या. १५ ते २० मिनिटांत जे उरेल ते जाळीने काढून टाका आणि दुसऱ्या दिवशी तेवढं कमी द्या. घरातल्या प्रत्येकाने येता-जाता मूठभर टाकलं तर हिशोब कसा लागणार? एकालाच ते काम द्या.

अमोनिया चढला तर काय करायचं, आणि काय अजिबात नाही

खाद्य लगेच बंद. निरोगी मोठे मासे दोन-चार दिवस उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही. एक तृतीयांश पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन नसलेलं आणि त्याच तापमानाचं हवं. हवा वाढवा. मेलेला मासा कुठे कोपऱ्यात अडकलाय का ते बघा, बऱ्याचदा मूळ तिथेच सापडतं.

आणि या वेळी पीएच वाढवायला जाऊ नका. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक फारसं न बाधणारं आणि एक विषारी. २५ अंशाच्या पाण्यात पीएच ७ असताना विषारी भाग एक टक्क्याहूनही कमी असतो, पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे चाचणीच्या नळीत रंग तोच, पण विष जवळपास दहापट. अमोनिया चढलेला असताना चुना घालून टाकीतले सगळे मासे गमावलेले लोक आहेत. आधी अमोनिया उतरवा, पीएचचं नंतर बघा.

नायट्राइटची लक्षणं फसवी असतात. पाण्यात हवा भरपूर असूनही मासे वर येऊन धापा टाकतात, कारण त्यांच्या रक्तालाच ऑक्सिजन धरता येत नाही. कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात. पाणी बदलायचंच, शिवाय लिटरला १ ग्रॅम साधं, काही न मिसळलेलं मीठ विरघळवून घातलं तर क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरणं कमी होतं. पण मीठ उडून जात नाही, यंत्रणेतच साठतं आणि स्ट्रॉबेरीसारख्या झाडांना सोसत नाही. तेव्हा हा उपाय सवयीचा करू नका.

पीएच रोज दुरुस्त करत बसणं

माशांना, जिवाणूंना आणि झाडांना वेगवेगळा पीएच आवडतो, ६.८ ते ७ ही तिघांची तडजोड. सुरुवातीला पीएच ७.६ दिसला म्हणून आम्ल ओतत बसणाऱ्यांची मला गंमत वाटते, कारण यंत्रणा रुळली की तो आपोआप खाली येणारच असतो. १ ग्रॅम अमोनिया-नत्राचं नायट्रेट होताना सुमारे ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढी क्षारता (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) खर्च होते. खाद्य जास्त तर घसरणही जास्त. खरा धोका पीएच ६ च्या खाली गेल्यावर असतो. जिवाणूंचं काम तिथे जवळपास थांबतं आणि अमोनिया साठायला लागतो.

उतरलेला पीएच वर आणायला एकदा विरलेला चुना, पुढच्या खेपेला पोटॅशियम बायकार्बोनेट, असं आलटून-पालटून द्या. खाद्यात कॅल्शियम आणि पोटॅशियम झाडांच्या गरजेपेक्षा कमीच असतं, ती भरपाईही यातून होते. बादलीभर पाण्यात विरघळवून, थोडं थोडं, दिवसाला ०.२ च्या वर बदल होणार नाही अशा बेताने. खाण्याचा सोडा नको, त्यातलं सोडियम साठत जातं.

पीएच ८ च्या आसपास अडकून खाली येतच नसेल तर संशय खडीवर घ्या. तिच्यात चुनखडी किंवा संगमरवर असेल तर ती सतत विरघळत राहते, मग वरून कितीही आम्ल घाला. खडी विकत घेतानाच दोन-चार खडे व्हिनेगरमध्ये टाकून बघा. फसफसून बुडबुडे आले तर ती खडी घेऊ नका.

पहाटे मासे वर का येतात

सकाळी उजाडताना मासे पृष्ठभागाशी तोंडं उघडझाप करत असतील आणि दुपारी मजेत पोहत असतील, तर रात्रीत ऑक्सिजन संपतोय. पाणी जितकं गरम तितका ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशाला लिटरमध्ये जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशाला साडेसात. पातळी ५ च्या खाली जाऊ द्यायची नाही. टाकीवर ऊन पडत असेल तर शेवाळ माजतं. ते दिवसा ऑक्सिजन देतं, पण रात्री घेतं. म्हणून टाकी झाकायची, पांढरी पारदर्शक टाकी बाहेरून गडद रंगवायची. खाद्य घेतल्यावर माशांना ऑक्सिजन जास्त लागतो, तेव्हा संध्याकाळी उशिरा पोटभर चारणं बंद करा.

पाण्याचा पंप चालू आहे म्हणजे हवा पुरते, हा समज सोडा. एअर पंप वेगळा हवा, आणि त्याला बॅटरीची जोड हवी. वीज गेली तर गच्च भरलेल्या टाकीतले मासे काही तासांत मरू शकतात.

बांधणीतल्या चुका

एक चौरस मीटर, ३० सेंटिमीटर खोल वाफा खडी-पाण्यासकट ६०० किलोच्या घरात जातो. फळ्या आणि चार खिळ्यांवर तो उभा राहत नाही. जमीन एका बाजूने खचली तरी निचरा बिघडतो. वजनाची अडचण असेल तर भाजलेल्या मातीच्या गोळ्या वापरा. तांब्याची जोडणी आणि जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे पाण्याला लागू देऊ नका, दोन्ही धातू माशांना विषारी आहेत.

पंप थेट माशांच्या टाकीत तळाशी ठेवला आणि कुठे पाइप निसटला, तर तो पंप इमानदारीने टाकीतला शेवटचा थेंबही अंगणात ओततो. पंपासाठी वेगळी साठवण टाकी ठेवा. तेवढी जागा नसेल तर निदान पंप विटेवर उंच ठेवा, म्हणजे गळती झाली तरी माशांपुरतं पाणी उरेल.

बेल सायफन हा तर डोकेदुखीचा स्वतंत्र विषय. वाफा भरला की उभ्या नळीवर ठेवलेल्या घंटेसारख्या टोपीतून पाणी आपोआप ओढून वाफा रिकामा करणारी ही रचना. दोनच तक्रारी असतात. पहिली: वाफा भरतो, पण सायफन पकडत नाही, उभ्या नळीच्या काठावरून पाणी नुसतं झिरपत राहतं. इथे येणारं पाणी कमी पडतंय. व्हॉल्व थोडा उघडा, किंवा बाहेर पडणाऱ्या पाइपाच्या टोकाला एक एल्बो (काटकोनी जोड) लावा. दुसरी: सायफन सुरू होतो पण तुटत नाही, वाफा तळापर्यंत उतरतो आणि पाणी तसंच धार धरून वाहत राहतं. म्हणजे येणारं पाणी जास्त आहे किंवा घंटेत हवा शिरत नाहीये. व्हॉल्व किंचित आवळा, घंटेच्या वरच्या टोकातून तळाजवळ उतरणारी बारीक हवेची नळी जोडा, आणि मुळं किंवा खडा अडकलाय का ते काढून बघा. एवढं करूनही तो रुसत असेल तर सरळ टायमर लावा, १५ मिनिटं चालू आणि ४५ मिनिटं बंद. सायफनच हवा असा काही नियम नाही.

खडीचा वरचा पाच सेंटिमीटर थर कायम कोरडा राहायला हवा. पाणी वरपर्यंत आलं की शेवाळ धरतं आणि रोपांचे बुंधे कुजतात. वाफ्यातून कुजक्या अंड्यांचा वास आला तर आत गाळ साचून हवा कोंडलीय. तो कोपरा उकरून गाळ काढा, वाफ्याआधी गाळ बसायला एक पिंप जोडा, आणि खडीत गांडुळं सोडा.

पानं काय सांगतात

कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, ही लोहाची कमतरता. अ‍ॅक्वापोनिक्समध्ये ती हमखास येते, कारण खाद्यात लोह पुरेसं नसतं. चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलंच राहील असं बांधलेलं लोह) लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत द्या. पीएच ७ च्या आसपास असेल तर डीटीपीए प्रकारचं. खिळे टाकून ठेवण्याचा उपाय बरेच जण सांगतात, पण या पीएचला त्यातलं लोह गंजाच्या रूपात बसून राहतं, झाडाला मिळत नाही. जुन्या पानांच्या कडा करपत असतील तर पोटॅशियम कमी आहे. सगळं झाडच फिकट आणि खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी, म्हणजे या वाफ्याला खाद्य अपुरं पडतंय.

किडीच्या बाबतीत एकच सांगतो: इथे फवारलेलं सगळं शेवटी टाकीतच उतरतं. साबणाचं पाणी आणि कडुनिंबाचं तेल 'नैसर्गिक' असलं तरी माशांना घातक ठरू शकतं. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने उडवा, अळ्या हाताने वेचा, फारच झाल्या तर बीटी (बॅसिलस थुरिंजिएन्सिस) या अळ्या मारणाऱ्या जिवाणूची फवारणी करा. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं, तेव्हा बियाणं लावून घरीच रोपं करा.