जाहिरात नेमकी कुठून येतेय? ॲडवेअर शोधून काढायची माझी रीत

मी तीसेक वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं. अनुस्वार सुटलेला असला, वेलांटी चुकलेली असली, की नजर आपोआप तिथे अडते. तरीही काही वर्षांपूर्वी दोन पीडीएफ जोडायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकताना मी पाच वेळा 'नेक्स्ट' दाबलं आणि त्या पाच पानांवरचा एक शब्दही वाचला नाही. पीडीएफ जोडल्या गेल्या. पण बरोबर एक टूलबार आला, एक हवामान सांगणारा आला, एक 'पीसी फास्ट करणारा' आला, आणि ब्राउझर उघडला की कधी नाव न ऐकलेलं सर्चचं पान यायला लागलं.

नंतर तीच फाइल पुन्हा उघडली आणि शेवटचं बटण न दाबता नुसती वाचत गेले. दुसऱ्या पानावर, फिकट राखाडी रंगात, बारीक टायपात सगळं छापलेलं होतं. चौकटींत बरोबरच्या खुणा आधीच केलेल्या होत्या. कोणी कुलूप तोडलं नव्हतं, मीच हो म्हटलं होतं.

तेव्हापासून नात्यागोत्यातल्या कोणाच्याही कॉम्प्युटरवर नको त्या जाहिराती दिसल्या, की मी 'व्हायरस कुठे आहे' असं विचारत नाही. 'हो कुठे म्हटलंय' ते शोधते. घरच्या कॉम्प्युटरवर हा होकार बहुतेक वेळा तीनपैकी एका ठिकाणी सापडतो: एखाद्या वेबसाइटला दिलेली नोटिफिकेशनची परवानगी, ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेलं छोटं जादा सॉफ्टवेअर), किंवा कॉम्प्युटरवर टाकलेला प्रोग्राम. तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे, आणि चुकीच्या ठिकाणी खणत बसलं की दिवस जातो.

आधी निदान

जाहिरात दिसली म्हणजे ॲडवेअर, म्हणजे नको त्या जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर, आहे असं नाही. बातम्यांच्या साइटवर जाहिराती असणारच, त्यावरच त्यांचं चालतं. म्हणून मी पहिल्यांदा विकिपीडिया उघडते. विकिपीडियावर व्यापारी जाहिराती नसतात. फार तर देणगी मागणारी पट्टी दिसते. तिथे बूट, औषधं किंवा 'तुम्ही जिंकलात' असं काही दिसलं, तर ते विकिपीडियाने छापलेलं नाही, तुमच्याकडच्या कोणीतरी मध्ये घुसवलंय.

मग तेच पान इन्कॉग्निटो खिडकीत उघडायचं. तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात, त्यामुळे जाहिरात गायब झाली तर संशय एक्स्टेन्शनवर. तिथेही दिसली तर दुसरा ब्राउझर उघडून बघायचं. दोन्हींत सारखाच गोंधळ असेल तर बहुधा प्रोग्राम आहे, किंवा त्याने बदललेलं सेटिंग. आणि त्याच वायफायवरच्या फोनलाही तोच त्रास असेल, तर कॉम्प्युटर सोडा आणि राउटरकडे बघा: त्याचं डीएनएस सेटिंग (वेबसाइटचं नाव दिल्यावर तिचा पत्ता कोणाला विचारायचा ते) कोणी बदललंय का, आणि पासवर्ड अजून खोक्यावर छापलेलाच आहे का.

पण जाहिरात वेबपानात नसून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खालून वर सरकत येत असेल, तर हे सगळं करायची गरजच नाही.

कोपऱ्यातल्या चौकटी

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक याच असतात. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले', 'तुमचं संरक्षण आज संपतंय', आणि खाली लाल बटण. माणूस घाबरतो, कारण चौकट विंडोजच्या नेहमीच्या सूचनांसारखीच दिसते. दिसणारच, ती विंडोजच्याच यंत्रणेतून येते. फक्त पाठवणारा वेगळा असतो.

घाई न करता त्या चौकटीतली सगळ्यात बारीक ओळ वाचा. तिथे ब्राउझरचं नाव आणि एखाद्या वेबसाइटचा पत्ता असतो. असा पत्ता दिसला की निदान झालं. कधीतरी एखाद्या पानाने 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा' असं म्हटलं आणि आपण ते दाबलं. खरी रोबोट-चाचणी नोटिफिकेशनची परवानगी मागत नाही. त्या एका बटणाने त्या साइटला तुमच्या पडद्यावर केव्हाही चिठ्ठी टाकायची मुभा मिळाली.

काढायला दोन मिनिटं लागतात. क्रोममध्ये उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटांची यादी तिथे असते. ओळखीची नसलेली प्रत्येक साइट काढून टाका. चुकून एखादी कामाची गेली तर ती पुन्हा विचारेल, नुकसान काही नाही. त्याच पानावर कोणत्याही साइटला नोटिफिकेशन पाठवू न देण्याचा पर्याय आहे. माझं मत विचाराल तर घरच्या कॉम्प्युटरवर तोच निवडावा. एजमध्ये हीच यादी साइट परमिशन्समध्ये आणि फायरफॉक्समध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या पानावर परमिशन्सखाली मिळते.

यात कोणताही प्रोग्राम नसतो, त्यामुळे अँटिव्हायरसने तपासलं तरी काही सापडत नाही. आणि 'अँटिव्हायरसलाही सापडत नाही म्हणजे फार भयंकर असणार' असं वाटून लोक आणखी घाबरतात.

याचाच मोठा भाऊ म्हणजे अख्खा पडदा व्यापणारा इशारा: भोंगा वाजतोय, माउस हलत नाही, खाली एक फोन नंबर. तो नंबर लावायचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांमध्ये फोन नंबर कधीच नसतो, असं त्या कंपनीनेच स्पष्ट सांगितलंय. एस्केपची कळ काही सेकंद दाबून धरा. त्याने सुटलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझरवर 'एन्ड टास्क' करा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर 'आधीची पानं परत आणू का' असं विचारेल. तिथे नाही म्हणा, नाहीतर तेच पान परत येईल. पूर्वी असे इशारे मी शुद्धलेखनाच्या चुकांवरून ओळखायचे. आता ते लोकही नीट लिहायला लागलेत, त्यामुळे माझ्या जुन्या कसबावर विसंबू नका.

दोन फॉर्मॅट पुरून उरलेलं एक्स्टेन्शन

नणंदेच्या मुलाचा फोन आला. "मामी, दोनदा फॉर्मॅट मारला, तरी परत येतंय."

"काय येतंय?"

"सर्च करायला गेलं की आधी भलतंच पान उघडतं, मग तिथून दुसरीकडे जातं."

फॉर्मॅट मारल्यावर त्याच दिवशी परत? मला ते पटेना. जाऊन शेजारी बसले. त्याने कॉम्प्युटर सुरू केला, ब्राउझर उघडला आणि पहिलं काम काय केलं, तर आईच्या अकाउंटने लॉगिन. सिंक चालू होतं, म्हणजे अकाउंटमध्ये साठवलेलं सगळं आपोआप कॉम्प्युटरवर उतरत होतं. बुकमार्क आले, पासवर्ड आले, आणि त्यांच्या पाठोपाठ एक्स्टेन्शनही आलं. भाच्याने दोनदा घर धुतलं होतं, पण पाहुणा सामानाच्या यादीतच होता.

तेव्हा एक्स्टेन्शन काढताना सिंक चालू ठेवूनच काढा, म्हणजे काढल्याची नोंदही अकाउंटमध्ये जाते. मग त्याच अकाउंटचे दुसरे कॉम्प्युटरही बघून घ्या. एक्स्टेन्शनच्या यादीत प्रत्येक नावासमोर मी एकच प्रश्न विचारते: हे इथे कशासाठी आहे? वन्संना आठपैकी सहांचं उत्तर देता आलं नाही. कशाचं काय होईल अशी भीती वाटत असेल तर सगळी बंद करा, आणि रोज एकेक चालू करून बघा. ज्या दिवशी जाहिरात परत येईल त्या दिवशी चालू केलेलं एक्स्टेन्शन दोषी.

'हे तर मी चार वर्षं वापरतेय, चांगलं आहे' हा युक्तिवाद इथे चालत नाही. एक्स्टेन्शनची मालकी विकली जाते आणि नव्या मालकाचं अपडेट गुपचूप येतं. 'ॲड टू फीडली' नावाचं साधं, उपयोगी एक्स्टेन्शन असंच विकलं गेलं, नव्या मालकाने त्यात जाहिराती घातल्या, आणि जानेवारी २०१४ मध्ये गूगलने ते स्टोअरमधून काढलं. 'द ग्रेट सस्पेंडर' तर लाखो लोक वापरत होते. त्याचाही मालक बदलला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक कोड असल्याचं सांगून गूगलने ते बंद केलं. वापरणाऱ्यांनी नवीन काहीच टाकलं नव्हतं. त्यांचा जुनाच होकार दुसऱ्याच्या हाती गेला होता.

'रिमूव्ह'चं बटण दाबता येत नसेल आणि क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या यादीत तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' लिहिलेलं असेल, तर थांबा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते योग्य आहे. घरच्या कॉम्प्युटरवर कोणतं ऑर्गनायझेशन? काही अँटिव्हायरसही ब्राउझरवर असा सक्तीचा नियम (पॉलिसी) लावतात, पण बरेचदा एखाद्या प्रोग्रामने एक्स्टेन्शन जबरदस्तीने डकवलेलं असतं. आधी तो प्रोग्राम काढायला हवा.

आणि काढलेल्या एक्स्टेन्शनला 'सगळ्या वेबसाइटवरची माहिती वाचण्याची आणि बदलण्याची' परवानगी होती का, ते आठवा. असेल तर मेल आणि बँकेचे पासवर्ड बदला. वन्संनी कुरकुर केली, पण बदलले.

प्रोग्राम

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स. ही यादी नावाच्या क्रमाने वाचू नका, तारखेच्या क्रमाने लावा. त्रास कधी सुरू झाला ते साधारण आठवत असतं. त्या दिवशी एकदम तीन-चार नावं आलेली दिसली, तर एक तुम्ही बोलावलेलं आणि बाकीची त्याच्या मागून आलेली. मागून आलेली अनइन्स्टॉल करा. बोलावलेलंही करा, कारण ज्याने एकदा असं केलं तो अपडेटच्या वेळी पुन्हा करेल. काढतानाही सगळी वाक्यं वाचा. मी एका प्रोग्रामचा निरोप घेत होते, तर त्याने मोठ्या हिरव्या बटणावर 'संरक्षण चालू ठेवा' आणि खाली पुसट अक्षरांत 'नको, धोका पत्करते' असं लिहिलं होतं. ती पुसट ओळच खरी दाराची.

त्यानंतर मी मालवेअरबाइट्सचं ॲडव्क्लीनर चालवते. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि याच जातीच्या कचऱ्यासाठी बनवलंय. ते कंपनीच्याच साइटवरून घ्या. सर्चमध्ये सगळ्यात वर 'प्रायोजित' म्हणून येणारी लिंक नको. ॲडवेअर काढायचं साधन शोधताना ॲडवेअर घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. सापडलेल्या वस्तू क्वारंटाइन करून (म्हणजे वेगळ्या कोंडून) कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

तरीही उरलं तर तीन कोपरे बघायचे. ब्राउझरच्या शॉर्टकटवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. 'टार्गेट'च्या ओळीत शेवटी एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढाच पुसा. नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटची वाहतूक ज्यातून जाते तो मधला सर्व्हर, बघा. घरी प्रॉक्सी सर्व्हर सहसा बंदच असतो. आणि ठरावीक वेळाने ब्राउझर आपणहून उघडत असेल, तर टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीत, कोणीतरी गजर लावून ठेवलाय. असा गजर शोधायला आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी दाखवणारं मायक्रोसॉफ्टचंच 'ऑटोरन्स' बरं पडतं; त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायच्या आणि उरलेल्यांतल्या संशयितांसमोरची बरोबरची खूण नुसती पुसायची. डिलीट करायची घाई नको, चूक झाली तर खूण परत करता येते.

सगळं झाल्यावर ब्राउझरचं 'रीसेट सेटिंग्ज' करा. होमपेज आणि सर्च इंजिन मूळ जागी येतात, बुकमार्क आणि पासवर्ड जात नाहीत.

पुन्हा येऊ नये म्हणून

विंडोज सिक्युरिटी उघडा, ॲप अँड ब्राउझर कंट्रोल, मग रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन सेटिंग्ज. तिथे 'पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग' चालू करा. त्याखाली दोन चौकटी आहेत, दोन्हींत खूण हवी. 'ब्लॉक डाउनलोड्स' फक्त एजमध्ये चालतं, 'ब्लॉक ॲप्स' मात्र कोणत्याही ब्राउझरमधून आलेल्या फाइलला लागू होतं.

इन्स्टॉल करताना 'एक्सप्रेस' किंवा 'रेकमेंडेड' न घेता 'कस्टम' किंवा 'ॲडव्हान्स्ड' निवडा. भीतिदायक नाव आहे, पण आगाऊ केलेल्या खुणा बहुतेक तिथेच दिसतात. आणि कोणत्याही पानाने विंडोजची कळ आणि आर दाबा, मग पेस्ट करून एंटर मारा असं सांगितलं, तर ते पान तिथल्या तिथे बंद करा. हा प्रकार जाहिरातींच्या पलीकडचा आहे. त्यात तुमच्याच हाताने घातक आज्ञा चालवून घेतात.

नवा कोरा कॉम्प्युटर आहे म्हणून यादी बघायची टाळू नका. लेनोवोच्या काही लॅपटॉपांवर 'सुपरफिश' नावाचं जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर कारखान्यातूनच बसवलेलं येत होतं, आणि त्याने टाकलेल्या प्रमाणपत्रामुळे बँकेसारख्या सुरक्षित साइटांशी होणारं बोलणंही उघडं पडू शकत होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे बाहेर आलं.

मी एक वही ठेवते. तारीख, काय टाकलं, कुठून घेतलं, कशासाठी. चारच रकाने. भाच्याला ते हास्यास्पद वाटायचं. परवा वन्संच्या टेबलावर तशीच वही दिसली. अक्षर त्याचं, आणि 'कशासाठी'च्या रकान्यात एका ठिकाणी लिहिलेलं: 'माहीत नाही, काढून टाकलं.'