गणित, अर्थशास्त्र आणि कामाचे एक वर्ष: ब्रिटनमधील चार वर्षांच्या पदवीची तयारी

ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत गणित आणि अर्थशास्त्र यांची संयुक्त पदवी तीन वर्षांत घेता येते, तशीच चार वर्षांतही घेता येते. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षी विद्यार्थी वर्गात बसत नाही. तो एखाद्या बँकेत, विमा कंपनीत, सरकारी खात्यात किंवा सल्लागार संस्थेत साधारण नऊ ते तेरा महिने पूर्णवेळ काम करतो, त्या कामावर विद्यापीठाला अहवाल सादर करतो आणि चौथ्या वर्षी परत येऊन पदवी पूर्ण करतो. या वर्षाला तिकडे प्लेसमेंट वर्ष म्हणतात. बारावीनंतर हा मार्ग धरू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी: कागदावर हे वर्ष तिसरे असले तरी त्यासाठीचे अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, आपल्याकडे गणपती-नवरात्र चालू असते त्या सुमारास करावे लागतात, आणि तेव्हा कंपनीपुढे ठेवायला हातात फक्त पहिल्या वर्षाचे गुण असतात. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाचे गुण अंतिम श्रेणीत धरले जात नाहीत. त्यामुळे ते वर्ष रुळण्यासाठीच आहे अशी समजूत विद्यार्थ्यांत पसरलेली असते. प्लेसमेंट घेऊ इच्छिणाऱ्याने ही समजूत बाळगू नये.

विद्यापीठ आणि अभ्यासक्रम निवडताना

बाथ, लफबरो, सरे, ॲस्टन आणि ब्रुनेल ही विद्यापीठे तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयांतून वाढली आणि त्या सर्वांना १९६६ साली विद्यापीठाची सनद मिळाली. उद्योगात काही काळ काम करून शिकण्याची पद्धत त्यांच्याकडे तेव्हापासून रुजलेली आहे. इतर विद्यापीठांनीही पुढे ती स्वीकारली, तरी सगळीकडे तिची तयारी सारखी नसते. म्हणून नावापेक्षा व्यवस्था पाहावी. प्लेसमेंट शोधायला मदत करणारे कर्मचारी खुद्द विभागात आहेत की सगळ्या विद्यापीठासाठी मिळून एकच कार्यालय आहे? मागील तुकडीतील किती विद्यार्थ्यांना जागा मिळाल्या, आणि त्यांत परदेशी विद्यार्थी किती होते? हे प्रश्न प्रवेश विभागाला ईमेलने थेट विचारावेत. विद्यापीठ जागा मिळवून देत नाही, ती विद्यार्थ्याने स्वतः अर्ज करून मिळवायची असते. न मिळाल्यास त्याला सामान्यतः तीन वर्षांच्या पदवीकडे वळवले जाते. ही बाब माहितीपुस्तिकेत असते, पण ठळक नसते.

अर्ज यूकास या एकाच केंद्रीय व्यवस्थेतून होतो. त्यात पाच पर्याय देता येतात आणि बहुतेक अभ्यासक्रमांची मुदत जानेवारीत संपते. २०२६ च्या प्रवेशापासून वैयक्तिक निवेदनाचे स्वरूप बदलले असून सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे मिळून ४,००० अक्षरचिन्हांत द्यायची असतात. काही विद्यापीठे या विषयांसाठी टीएमयूए ही गणिताची प्रवेश चाचणी मागतात. तिच्यात प्रत्येकी ७५ मिनिटांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात आणि कॅल्क्युलेटर वापरता येत नाही. दुसरी प्रश्नपत्रिका गणिती तर्काची असते. एखाद्या विधानाचा व्यत्यास खरा आहे का, दिलेल्या सिद्धतेत चूक नेमकी कोणत्या ओळीत आहे, अशा प्रश्नांचा सराव आपल्या बारावीच्या अभ्यासात फारसा होत नाही, म्हणून तो वेगळा करावा लागतो.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक बाब तपासावी. मंडळाचे ‘गणित व संख्याशास्त्र’ हे विषय कला-विज्ञान शाखेसाठी आणि वाणिज्य शाखेसाठी वेगवेगळे आहेत. वाणिज्य शाखेचे गणित घेतलेल्यांनी आपला अभ्यासक्रम प्रवेश विभागाला पाठवून तो ग्राह्य आहे की नाही याचे लेखी उत्तर अर्जाआधीच मागवावे.

दोन विषय, एकच अभ्यास

अशा पदवीत गणिताचा अभ्यास गणिताच्या विभागात आणि अर्थशास्त्राचा अर्थशास्त्राच्या विभागात होतो, आणि दोन्ही विभाग आपापल्या गतीने शिकवतात. त्यांचा सांधा जुळवण्याचे काम विद्यार्थ्यावर पडते. ज्याला ते पहिल्या वर्षी जमते त्याला पुढची तीन वर्षे सोपी जातात, असे माझे ठाम मत आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. एका ग्राहकाकडे १०० पौंड आहेत. दोन वस्तूंच्या किमती अनुक्रमे २ आणि ५ पौंड आहेत, आणि त्याची उपयोगिता, म्हणजे त्याला मिळणारे समाधान, दोन्ही वस्तूंच्या नगसंख्यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाइतकी आहे. कलनाच्या वर्गात शिकवलेल्या लग्रांज गुणकाच्या, म्हणजे दिलेल्या मर्यादेत कमाल शोधण्याच्या, पद्धतीने उत्तर येते की त्याने पहिल्या वस्तूचे २५ आणि दुसरीचे १० नग घ्यावेत. तेव्हा उपयोगिता साधारण १५.८१ होते. बहुतेक विद्यार्थी इथे थांबतात. गणित करताना जो गुणक मध्ये आला आणि नंतर काढून टाकला गेला त्याची किंमत साधारण ०.१५८ आहे. आता ग्राहकाला एक पौंड जास्त द्या आणि तेच गणित पुन्हा करा: उपयोगिता सुमारे १५.९७ होते, म्हणजे ती ०.१५८ नेच वाढते. तो गुणक म्हणजे शेवटच्या पौंडाचे ग्राहकाला असलेले मोल आहे. हाच विचार पुढे कारखान्याच्या क्षमतेला, वीजपुरवठ्याच्या मर्यादेला आणि बँकेच्या भांडवलाच्या अटीला लागू होतो. ‘ही मर्यादा थोडी सैल केली तर किती फायदा होईल?’ असे मुलाखतीत विचारले, तर ते याच गुणकाविषयी विचारलेले असते.

अर्थमितीतही, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याच्या शास्त्रातही, असेच आहे. वेतनावर वय आणि अनुभव या दोहोंचा परिणाम मोजायला गेलो, की उत्तरे डळमळीत येतात, कारण वय वाढते तसा अनुभवही वाढतो. रैखिक बीजगणिताच्या भाषेत, मॅट्रिक्सचे दोन स्तंभ जवळजवळ एकमेकांवर अवलंबून असतात, त्यामुळे तिचा व्यस्त काढणे अवघड होते. हे ज्याने दोन्ही बाजूंनी पाहिले आहे तो सॉफ्टवेअरने दिलेल्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही.

सिद्धतेवर भर देणारे वास्तव विश्लेषण (कलनाचा काटेकोर पाया) पहिल्याच सत्रात अनेकांना जड जाते आणि ‘अर्थशास्त्रात याचे काय काम?’ असा प्रश्न पडतो. काम मोठे आहे. खेळ सिद्धांतात, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या निर्णयांच्या गणितात, समतोल (एकट्याने निर्णय बदलून कोणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती) अस्तित्वात असतो हे गणितज्ञ जॉन नॅश यांनी १९५० साली काकुतानी यांच्या स्थिरबिंदू प्रमेयाच्या आधारे सिद्ध केले, आणि ते प्रमेय समजायला संवृत संच, सीमा आणि सातत्य या कल्पना पक्क्या असाव्या लागतात. रोज एक सिद्धता पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिहून काढावी. विश्लेषण शिकण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला ठाऊक नाही.

पहिल्या वर्षीच एक संगणकीय भाषा हाताशी आणावी. अर्थशास्त्राचे विभाग स्टाटा किंवा आर वापरतात, कंपन्यांना पायथन, एसक्यूएल आणि उत्तम एक्सेल हवे असते. ब्रिटनचे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय महागाई, रोजगार आणि वेतन यांची आकडेवारी सर्वांसाठी खुली ठेवते. तिच्यातून एकच प्रश्न निवडून, आकडे स्वच्छ करून, एक आलेख आणि दोन पानांचे टिपण तयार केले, तर अर्जात लिहायला ठोस काहीतरी मिळते. दहा ऑनलाइन प्रमाणपत्रांपेक्षा मी या दोन पानांना अधिक वजन देईन.

अर्जांचा हंगाम

पहिले वर्ष संपल्यावरच्या सुट्टीत बायोडेटा तयार असावा. मोठ्या संस्थांच्या जाहिराती तिकडच्या उन्हाळ्याच्या अखेरीस आणि सप्टेंबरात येऊ लागतात, आणि कित्येक ठिकाणी मुदतीची वाट न पाहता आलेल्या क्रमाने अर्ज तपासून जागा भरल्या जातात. अर्जानंतर संख्यात्मक तर्काची ऑनलाइन चाचणी, मग ध्वनिचित्रमुद्रित मुलाखत आणि शेवटी दिवसभर चालणारे मूल्यमापन केंद्र असा क्रम असतो. या केंद्रात गटचर्चा, अनोळखी कागदपत्रांवरून टिपण लिहिणे आणि सादरीकरण यांचा समावेश असतो. पुष्कळ जाहिरातींत ‘टू-वन’ श्रेणीची, म्हणजे साधारण ६० टक्क्यांहून अधिक गुणांची अपेक्षा लिहिलेली असते. भारतात ६० टक्के ऐकून जसे वाटते तसे तेथे वाटून घेऊ नये; तिथे ७० गुण म्हणजे प्रथम वर्ग.

विमा क्षेत्राकडे जाणाऱ्यांनी दुसऱ्या वर्षाचे संख्याशास्त्राचे विषय ॲक्च्युअरी (विम्यातील जोखीम मोजणारे तज्ज्ञ) संस्थेच्या परीक्षांतून सूट मिळवून देतात का, हे विभागाकडून जाणून घ्यावे. सरकारी अर्थतज्ज्ञांच्या सेवेतही विद्यार्थ्यांसाठी वर्षभराच्या जागा असतात. तिथे संयुक्त पदवीच्या विद्यार्थ्याचा किमान निम्मा अभ्यासक्रम अर्थशास्त्राचा असावा अशी अट ठेवली जाते, म्हणून दुसऱ्या वर्षाचे ऐच्छिक विषय निवडण्याआधीच ही बेरीज करून पाहावी. भारतीय विद्यार्थ्यांनी हा रस्ता आपल्यासाठी नाहीच असे धरून चालू नये: ब्रिटनच्या नागरी सेवेच्या राष्ट्रीयत्वाच्या नियमांत, कामाचा हक्क असलेल्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना स्थान आहे आणि भारत राष्ट्रकुलात आहे. मात्र काही खात्यांत सुरक्षा तपासणीसाठी ब्रिटनमधील वास्तव्याची वर्षे मोजली जातात, ती अट प्रत्येक जाहिरातीत वाचावी.

व्हिसाची बाजू

परदेशी विद्यार्थ्याचे सर्वाधिक नुकसान इथे होते, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पदवीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. प्लेसमेंटसाठी पूर्णवेळ कामाची मुभा मिळते, पण ते काम अभ्यासक्रमाचा अविभाज्य आणि मूल्यमापन होणारा भाग असले पाहिजे. म्हणून शक्यतो सुरुवातीलाच चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावा. तीन वर्षांचा व्हिसा घेऊन नंतर प्लेसमेंट जोडायचे ठरवले, तर मुदतवाढीचा नवा अर्ज, त्याचे शुल्क आणि वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार हे सारे ऐन धावपळीत पुढे उभे राहते. विद्यापीठाची लेखी मंजुरी येण्याआधी कामावर रुजू होऊ नये, मालकाने कितीही घाई केली तरी.

अर्जात ‘तुम्हाला आता किंवा पुढे प्रायोजकत्वाची (कंपनीने कामाच्या व्हिसासाठी पुरस्कृत करण्याची) गरज भासेल का?’ असा प्रश्न येतो आणि इथे अनेक चांगले उमेदवार गळतात. उत्तर प्रामाणिकच द्यावे. पण मोकळी जागा असेल तिथे लिहावे की प्लेसमेंटच्या वर्षासाठी विद्यार्थी व्हिसाच पुरेसा आहे आणि कंपनीला कोणतेही प्रायोजकत्व द्यावे लागणार नाही. या मजकुराचे विद्यापीठाचे पत्र आधीच मागून ठेवावे. छोट्या कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागाला हा नियम बहुधा माहीत नसतो आणि एका पत्राने शंका मिटते. पदवीनंतर काम शोधण्यासाठीच्या ग्रॅज्युएट व्हिसाची मुदत, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांसाठी दोन वर्षांऐवजी १८ महिने होत आहे. मुदत कमी झाल्यावर पदवीच्या आतच मिळणारा हा अनुभव अधिक मोलाचा ठरतो.

खर्चाचा हिशेब कुटुंबाने एकत्र बसून करावा. प्लेसमेंटच्या वर्षाचे शुल्क पूर्ण नसते; इंग्लंडमधील विद्यापीठांत ब्रिटिश विद्यार्थ्यांसाठी त्यावर कमाल शुल्काच्या २० टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे, परंतु परदेशी विद्यार्थ्यांसाठी तो आकडा प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते. अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या एक वर्षापर्यंतच्या प्लेसमेंटला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही, त्यामुळे बिनपगारी किंवा अगदी तुटपुंज्या वेतनाची जागाही नियमबाह्य नसते. वेतन किती हे विचारायला संकोच करू नये. गणित-अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पगारी जागा मिळतात, म्हणून बिनपगारी जागा स्वीकारण्याआधी आणखी अर्ज करावेत. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नसतो.

कामाचे वर्ष आणि त्यानंतर

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यातच वरिष्ठांशी बसून वर्षभरात काय शिकायचे ते लिहून घ्यावे. विद्यापीठाचा मार्गदर्शक भेटीला येतो तेव्हा हाच कागद पुढे ठेवता येतो. दर आठवड्याला केलेल्या कामाची अर्धे पान नोंद ठेवावी, कारण अहवाल त्यातूनच उभा राहतो. सुरुवातीला तक्ते जुळवणे, आकडे तपासणे अशी कामे येतात. ती निर्दोष करणाऱ्याकडे हळूहळू भाकिताचे प्रारूप किंवा किमतींचे विश्लेषण सोपवले जाते. एखादे गृहीतक चुकीचे वाटले तर पुराव्यासह, नम्रपणे बोलावे. अशा प्रश्नांसाठीच गणित शिकलेल्या माणसाला घेतलेले असते.

या वर्षात सिद्धता लिहिण्याची सवय सुटते, आणि चौथ्या वर्षी यादृच्छिक प्रक्रिया किंवा प्रगत अर्थमिती सुरू झाली की ते जाणवते. त्यामुळे कामाच्या शेवटच्या दोन महिन्यांत संध्याकाळी दुसऱ्या वर्षाची विश्लेषण आणि संभाव्यतेची टिपणे उघडावीत, आणि चौथ्या वर्षाच्या निवासाची सोयही तेव्हाच करावी. प्रबंधाचा विषय कामातून सुचला असेल आणि त्यासाठी कंपनीची आकडेवारी हवी असेल, तर कोणते आकडे, कोणत्या स्वरूपात आणि कंपनीच्या नावासह की नावाशिवाय वापरायचे याची लेखी परवानगी शेवटच्या दिवसाच्या आधी मिळवावी. एकदा कंपनीतले आपले संगणक-खाते बंद झाले आणि ओळखपत्र परत दिले की ती परवानगी मिळायला महिने लागू शकतात, आणि प्रबंधाची मुदत तेवढी थांबत नाही.