ट्री स्टँडसाठी सेफ्टी हार्नेस निवडताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि दरवर्षी एखाददुसरे मराठी कुटुंब शेजाऱ्याच्या किंवा सहकाऱ्याच्या ओळखीने या छंदाकडे वळलेले मला दिसते. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी असल्यामुळे आपल्यापैकी कोणाच्याही घरात हे ज्ञान वडिलांकडून मुलाकडे आलेले नसते. हंटर एज्युकेशनच्या, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाच्या, अभ्यासक्रमात झाडावरून पडताना थांबवणाऱ्या हार्नेसची माहिती मिळते, परंतु प्रत्यक्ष दुकानात मांडणीसमोर उभे राहिल्यावर किंमत, रंग आणि खिशांची संख्या यांवरच निवड केली जाते आणि चुकांची सुरुवात तिथेच होते.

मचाण म्हटले की आपल्याला ताडोबा किंवा मेळघाटातले, बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजण्यासाठी बांधलेले ऐसपैस मचाण आठवते. शिकारीसाठी झाडाला बांधला जाणारा ट्री स्टँड तसा नसतो. पाटापेक्षा थोडा मोठा धातूचा तळ, त्याला जोडलेले लहानसे आसन आणि खाली पंधरा ते वीस फूट खोली, एवढाच त्याचा पसारा असतो. वीस फुटांवरून निसटलेला माणूस सेकंदाहून किंचित अधिक वेळात जमिनीवर आदळतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास असतो. तेवढ्या अवधीत हाताने फांदी धरून सावरता येईल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

पहिली चूक म्हणजे ‘पट्टा आहे ना, मग झाले’ असे मानणे. नुसता कमरेचा किंवा छातीचा पट्टा पडणाऱ्या माणसाला थांबवतो खरा, पण सगळा झटका पोटावर किंवा बरगड्यांवर घेतो, श्वास कोंडतो आणि कमरेचा पट्टा असल्यास माणूस उलटा लटकण्याची शक्यता असते. खांदे, छाती आणि दोन्ही मांड्या यांवर भार वाटून घेणारा, पाठीवर खांद्यांच्या मध्ये टेदर (हार्नेसला झाडाशी बांधून ठेवणारा पट्टा) जोडलेला पूर्ण शरीराचा हार्नेसच घ्यावा. डोंगर चढण्यासाठी वापरतात तो कमरेपासून खालचा हार्नेस घरात आहे म्हणून तोच चालवू नये, कारण त्याची जोडणी कमरेपाशी असते.

बांधकामावर वापरला जाणारा हार्नेस याबाबतीत अधिक फसवा ठरतो, कारण तो खरोखर पूर्ण शरीराचा आणि मजबूत असतो. प्रश्न त्याच्या दोरीचा आहे. तिथली दोरी सहसा सहा फुटांची असते आणि झटका शोषताना तिची शिवण उसवून ती आणखी साडेतीन फुटांपर्यंत लांबू शकते. दोरी पायांच्या पातळीवर बांधलेली असली आणि त्यात माणसाची उंची मिळवली, तर पंधरा फुटांवरच्या स्टँडवरून पडलेल्याचे पाय जमिनीला टेकल्यावरच ती थांबेल, असा हिशेब होतो. समजा जमीन लागली नाही, तरी माणूस तळाच्या इतका खाली लटकतो की पुन्हा वर येणे त्याला जमत नाही. बांधकामावर सुटका करायला सहकारी हजर असतात. जंगलात आपण एकटे असतो.

मापाची चूक मी स्वतः केली आहे. ऑगस्टमध्ये, टी-शर्टवर, माझ्या उंची-वजनाच्या तक्त्यात बसणारा हार्नेस घेतला. नोव्हेंबरच्या पहाटे गाडीच्या दिव्यात जाड पँट आणि जाकिटावरून तो चढवू लागलो, तेव्हा डाव्या मांडीच्या पट्ट्याचे बकल चार बोटे अलीकडेच अडले. बोटे गारठलेली, वरून अंधार, आणि मनात विचार आला की पायांचे पट्टे सोडून नुसते वरचे लावावेत. तसे केले असते तर पडताना मी हार्नेसमधून खाली निसटलो असतो किंवा तो बगलेत चढून गळ्याशी आला असता. त्या दिवशी मी जमिनीवरच बसलो. तेव्हापासून माझा आग्रह असतो की हार्नेस घालून पाहायचा तो हंगामातल्या सर्व कपड्यांवर. मांडीच्या पट्ट्याखाली सपाट हात जेमतेम सरकावा, छातीचा पट्टा छातीच्या मध्यावर यावा आणि कॉलरच्या जवळ जाऊ नये. वजनाची मर्यादा साधारण ३०० पाऊंड, म्हणजे सुमारे १३६ किलो असते. तीत कपडे, बूट, पाठपिशवी सगळे मोजावे लागते. बहुतेक हार्नेसना किमान वजनाचीही मर्यादा असते, म्हणून बारा-तेरा वर्षांच्या मुलाला वडिलांचा जुना हार्नेस घट्ट करून देणे योग्य नाही. जाता जाता एक गोष्ट: बंदुकीच्या हंगामात विस्कॉन्सिनमध्ये कमरेवरच्या बाह्य कपड्यांचा निम्मा भाग तरी भडक नारिंगी किंवा गुलाबी असावा लागतो, त्यामुळे जाकिटासारखा रुंद, पानाफुलांच्या नक्षीचा हार्नेस त्यावर चढवल्यास तो रंग झाकला जातो. असा हार्नेस आवडला असेल, तर ज्याच्या पाठीला टेदर बाहेर काढण्यासाठी चीर आहे असे जाकीट निवडून तो आतून घालावा.

सर्वांत घातक चूक मात्र खरेदीनंतर दिसते: हार्नेस आसनावर बसल्यावर अडकवायचा असतो, असा समज. माणसे बहुधा चढताना, उतरताना आणि शिडीवरून स्टँडवर पाय टाकताना पडतात. म्हणून हार्नेससोबत लाइफलाइन घेण्याचा खर्च टाळू नये. ही दोरी स्टँडच्या वर झाडाला आणि खाली बुंध्याला बांधलेली असते; तिच्यावरची प्रुसिक गाठ हाताने सहज वर सरकते आणि भार येताच आवळते. त्या गाठीत टेदरचा कॅराबिनर (उघडझाप करता येणारी धातूची कडी) अडकवला की जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत जमिनीला लागेपर्यंत माणूस एकदाही सुटा नसतो. स्टँड बसवताना हात मोकळे राहावेत म्हणून कमरेभोवती झाडाला वेढणारा लाइनमन पट्टा मिळतो, तो उपयुक्त आहे. परंतु तो आधारासाठी असतो, पडणे थांबवण्यासाठी नव्हे, म्हणून तो लावल्यावरही टेदर जोडलेला असलाच पाहिजे.

वर पोहोचल्यावर टेदर ढिला वाटत असेल, तर टेदर ज्याला अडकवतात तो झाडाभोवतीचा पट्टा खाली बांधला गेला आहे असे समजावे. तो डोक्याच्या उंचीवर किंवा त्याहून वर हवा आणि बसल्यावर टेदरमध्ये झोळ राहता कामा नये. मान वळवताना टेदर खांद्याला घासतो, धनुष्य ओढताना आड येतो, अशा तक्रारींवर अनेकजण तो लांब करून घेतात. तसे न करता टेदरची जोडणी झाडाच्या दुसऱ्या बाजूला थोडी सरकवावी.

हार्नेसने पडणे थांबवले, तरी संकट संपत नाही. मांड्यांचे पट्टे आवळून माणूस निश्चल लटकला की पायांतले रक्त वर परतणे मंदावते आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. म्हणून हार्नेससोबत पाय टेकवण्याचा सस्पेन्शन रिलीफ पट्टा आहे की नाही हे खोके उघडून पाहावे. तो पाठपिशवीत ठेवू नये, लटकलेल्या अवस्थेत एका हाताने काढता येईल अशा खिशात ठेवावा. फोन आणि शिट्टीसुद्धा छातीशी असावी. हंगामाआधी एखाद्या रविवारी घराच्या अंगणातल्या झाडाला, पाय जमिनीपासून जेमतेम वीतभर वर राहतील इतक्या उंचीवर, कोणीतरी शेजारी उभे असताना स्वतःला लटकवून पाहावे. पट्टा कुठे रुततो आणि हात कुठपर्यंत पोहोचतो, हे दुकानातल्या आरशापेक्षा तिथेच अधिक स्पष्ट कळते.

गॅरेज सेलमधला हार्नेस कितीही नवा दिसला, तरी घेऊ नये. तो कोणाचे पडणे थांबवून आला आहे, उन्हात किती वर्षे टांगला होता, त्यावर बॅटरीचे आम्ल सांडले होते का, हे शिवणीवरून नेहमी कळतेच असे नाही. लेबलवरची निर्मितीची तारीख वाचावी. अनेक उत्पादक त्या तारखेपासून पाच वर्षांनी हार्नेस बदलण्यास सांगतात, आणि एकदा जरी त्याने पडणे थांबवले असेल तर लगेच. गॅरेजमध्ये उंदरांनी कुरतडलेला पट्टा पुन्हा शिवून वापरू नये. बाद झालेला हार्नेस तसाच कचऱ्यात टाकल्यास तो दुसरा कोणी उचलून नेऊ शकतो, म्हणून आधी कात्रीने त्याचे पट्टे कापून तुकडे करावेत.