टोकियोत सोबा खायला जाताय? मग एवढं बघून जा

टोकियोला गेलेले आपले लोक रामेनच्या रांगेत उभे राहतात आणि सोबाच्या (बकव्हीटच्या पिठाच्या नूडल्स) दुकानासमोरून सरळ पुढे निघून जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. एकदा तरी निवांत बसून खाच. कांदा (Kanda) नावाच्या भागातलं याबु सोबा हे दुकान १८८० पासूनचं आहे, २०१३ ला तिथे आग लागली आणि पुढच्या वर्षी नव्याने बांधून परत सुरू केलं. तिथे गेलात तर उत्तमच, नाहीतर गल्लीतलं छोटं दुकानही चालेल.

पहिल्यांदा झारू सोबाच मागवा. बांबूच्या चाळणीवर थंड नूडल्स येतात, सोबत कपात त्सुयु म्हणजे बुडवून खायचा सॉस, बारीक चिरलेली पात आणि वासाबी. आधी दोन-तीन नूडल्स नुसत्याच खाऊन बघा, बकव्हीटचा वास तेव्हाच कळतो. मग थोड्याशाच उचला आणि फक्त खालचं टोक त्सुयुत बुडवा, कारण टोकियोकडचा त्सुयु चांगलाच खारट आणि कडक असतो, सगळं बुडवलंत तर सोबाची चवच गेली. वासाबी त्सुयुत कालवू नका, नूडल्सवर किंचित लावा. आणि आमटीचा मारतो तसा खुशाल भुरका मारा, तिथे सगळे आवाज करूनच खातात. फोटो एकच काढा हं, ठेवलं की नूडल्स सुकून एकमेकांना चिकटतात.

त्सुयु संपवू नका!! शेवटी सोबायु येतं, नूडल्स उकडलेलं गरम पाणी, ते उरलेल्या त्सुयुत ओतून प्यायचं. मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो, तेच न पिता उठू नका.

आता शाकाहारी लोकांनो, नीट वाचा. त्सुयुमधली दाशी, म्हणजे त्याचं मूळ सूप, बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाची असते आणि ती आधीच करून ठेवलेली असते, त्यामुळे मासे नकोत सांगून उपयोग नाही, मीठ मागून त्याच्यासोबत खा. उत्तर भारतात उपासाला कुट्टूचं पीठ खातात ते म्हणजे हेच बकव्हीट, पण उपासाला चालेल असं धरू नका, निहाची नावाच्या प्रकारच्या सोबात २० टक्के गव्हाचं पीठ असतं. गहू अजिबात नको असेल तर जुवारी (ज्वारी नव्हे, नुसत्या बकव्हीटचा सोबा) विचारा, तरी भांडं आणि पाणी तेच असू शकतं. बकव्हीटची ॲलर्जी असेल तर मात्र आत जाऊच नका, ती जिवावर बेतू शकते.

बिल बहुतेक ठिकाणी काउंटरवर देतात, टिप ठेवायची नाही.