हरिपूरच्या पेवात उतरणारी बाई : महाशक्तींविषयीचा पूर्वग्रह चित्रकथेत कसा रचावा

सांगलीकडे घडणारी महाशक्तींची चित्रकथा लिहायला घेणाऱ्याने आधी एक गोष्ट ठरवून घ्यावी : गावाला कोणाच्या शक्तीचे कौतुक आहे आणि कोणाच्या शक्तीची भीती. मार्व्हल या अमेरिकन प्रकाशनाच्या चित्रकथांच्या जगात हा भेद उघड दिसतो. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचे एक्स-मेन हे म्युटंट वीरांचे पथक १९६३ साली आले, तेव्हा त्याच जगात फॅन्टॅस्टिक फोर ही वीरांची चौकडी लोकांच्या गळ्यातला ताईत होती. अंतराळातल्या किरणांच्या अपघाताने शक्ती मिळालेल्या त्या चौघांना मान मिळाला. जन्मतःच वेगळे जनुक घेऊन आलेल्या आणि बहुधा वयात येताना शक्ती प्रकटणाऱ्या म्युटंटांच्या वाट्याला मात्र दगड आले. वास्तविक एकाच्या हातातली आग दुसऱ्याच्या हातातल्या आगीपेक्षा वेगळी दिसत नाही. अपघात कोणाच्याही नशिबी येऊ शकतो, म्हणून तो माफ होतो. जन्म माफ होत नाही, आणि ही आपली जागा घेणारी नवी जात आहे अशी धास्तीही त्यामागे असते. मराठी वाचकाला हे फोड करून सांगावे लागणार नाही.

नायक आकाशात उडणारा घेऊ नये. जिच्यावाचून गावातल्या कोणाचे तरी अडते, अशी लहानशी शक्ती निवडावी. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे खोदलेली असत : तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, पोट मोठे आणि आत कोंडलेली हवा. पेव उघडले तरी लगेच कोणी उतरत नसे. आधी कंदील सोडून पाहत, तो विझला तर थांबत. अशा ठिकाणी श्वास न घेता तासभर राहू शकणारी एक बाई आणावी. तिच्यामुळे व्यापाऱ्याचा खोळंबा टळतो आणि भाव चढलेला असताना त्याचा माल इतरांच्या आधी सौद्याला लागतो, म्हणून तिला मानाने बोलावणे जाते. काम झाल्यावर चहा मात्र तिच्यासाठी बाजूला ठेवलेल्या कपात येतो, पैसे हातावर न देता पेवाच्या तोंडाशी असलेल्या दगडावर ठेवले जातात, दुसरा हमाल तिच्याबरोबर पोते धरायला तयार होत नाही आणि हमालीच्या वहीत तिचे नाव चढत नाही. मोर्चे, घोषणा आणि पेटलेल्या मशाली यांच्यापेक्षा ही वही अधिक काम करील.

तो कप वाचताना वाचक जातीपाशी पोहोचणारच. त्याला अडवू नये. नवा द्वेष मोकळ्या जमिनीवर उगवत नाही. हीच शक्ती बड्या बागायतदाराच्या मुलात आली तर ती ग्रामदैवताची कृपा ठरून त्याचा सत्कार होईल. बाईत आली तर करणी आणि भानामतीची कुजबुज सुरू होईल. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्यासाठी झटले तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला. कथा त्याआधीची ठेवल्यास बाईला त्याचाही आधार उरत नाही.

यानंतर सरकारला आणावे, पण राक्षसी यंत्रे टाळावीत. मार्व्हलमध्ये १९६५ साली आलेले सेंटिनेल, म्हणजे म्युटंटांना पकडण्यासाठी बनवलेले यंत्रमानव, पहिल्याच कथेत आपल्या निर्मात्यावर उलटले. ते चित्रात शोभतात, परंतु पूर्वग्रह कार्यालयात अधिक सुखाने नांदतो. २००६ च्या ‘सिव्हिल वॉर’ या मार्व्हलच्याच मालिकेत महाशक्ती असलेल्यांच्या नोंदणीचा कायदा येतो तो एका भीषण स्फोटात मुले दगावल्यानंतर, म्हणजे समंजस माणसालाही पटेल अशा कारणाने. आपल्याकडे याहून कठोर नमुना प्रत्यक्षात होऊन गेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मावरून गुन्हेगार ठरवल्या, त्यांची नोंद केली, त्यांच्यावर हजेरी लादली. तो देशभर रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. म्हणून कथेतही हजेरीच दाखवावी. बाईला सही येते, तरी हवालदार नियम म्हणून अंगठाच मागतो. तो दुष्ट रंगवू नये. ‘बाई, माझं काही नाही हो, वरून आलंय,’ एवढेच त्याने म्हणावे.

या प्रकारच्या कथांवर एक रास्त आक्षेप घेतला जातो : खऱ्या जगातल्या पीडितांच्या डोळ्यांतून किरण निघत नाहीत, मग महाशक्तींची भीती वाजवी नाही का? तो टाळून पुढे जाणे लबाडीचे होईल. धोकादायक माणूस कथेत जरूर असावा, त्याने नुकसानही करावे. परंतु त्याच्या कृत्याचा जाब पेवात श्वास रोखणाऱ्या निरुपद्रवी बाईला विचारला जावा. एकाचा गुन्हा सगळ्यांच्या नावावर मांडला जातो ते ठिकाण हेच, आणि या प्रसंगाला हात आखडू नये, दोन-चार पाने जास्त द्यावीत.

शेवटासाठी २००५ चा महापूर हाताशी आहे, कारण हरिपूरची बरीच पेवे त्याने निकामी केली. बाईने बुडणाऱ्यांना वाचवावे आणि गावाने डोळे पुसत तिला जवळ घ्यावे, हा मोह आवरावा. एक्स-मेनने किती वेळा जग वाचवले तरी त्यांचा द्वेष सरलेला नाही, यात मालिका चालू ठेवण्याची धंद्याची गरज असली तरी निरीक्षण खोटे नाही. पहिला आठवडा आभारात जाईल, मग कोणीतरी विचारील की पाण्यात न बुडणारीला पुराचे काय वाईट वाटणार. त्यातच पेवे गेल्याने तिची गरजही संपलेली असते, आणि ठाण्यात तिच्यासाठी शब्द टाकणारा व्यापारी हजेरीच्या दिवशी फिरकेनासा होतो. हे पटावे यासाठी त्या व्यापाऱ्याला पहिल्याच प्रकरणात भला माणूस म्हणून उभे करावे, आणि हवालदारापुढे तिची बाजू मांडताना त्याचे अर्धे लक्ष त्या दिवशीच्या सौद्यात आहे, हेही तिथेच दिसू द्यावे.